परक्याच्या गाडीत माझा फोन

गेल्या महिन्यात एक प्रसंग घडला आणि तेव्हापासून मी भेटेल त्याला एकच गोष्ट सांगत सुटले आहे. घरातले वैतागले आहेत. नातू म्हणाला, "आज्जी, तू ब्लॉगवर लिहून टाक, म्हणजे आम्हाला रोज ऐकायला नको." तर मंडळी, लिहिते आहे. नेहमी वाचणाऱ्या नातेवाइकांपैकी दोघातिघांना हे बोचेल. बोचू दे.

झालं असं. कोथरूडला भाच्याकडे गेले होते, परत निघताना रिक्षा मिळेना. (मिळत होत्या, पण माझ्याकडे यायच्या नव्हत्या. पुणेकरांना जास्त सांगायला नको.) तेवढ्यात त्याच इमारतीतले एक गृहस्थ बायको-मुलांना घेऊन गाडी काढत होते. "काकू, डेक्कनला चाललोय, बसा की." ही गाडी मूळची भाच्याचीच. मागच्या दिवाळीत त्याने ती यांना विकली. त्याच गाडीतून मी गुहागरला गेलेली, दोनदा महाबळेश्वरला गेलेली. बसले. गाडी सुरू झाली आणि समोरच्या पडद्यावर अक्षरं उमटली की 'आज्जीचा फोन' जोडला गेला आहे. हे नाव नातवाने कधीतरी ठेवलेलं. मागे बसलेली दोन्ही मुलं खिदळली, "बाबा, आपल्या गाडीत आज्जी आहे!" मीही हसले. मला त्यात गंमतच वाटली, हे आधी कबूल करते.

नळ स्टॉपच्या सिग्नलला फोन वाजला. पर्समधून काढला, हिरवी खूण सरकवली, कानाला लावला, आणि आवाज आला तो गाडीच्या चारही कोपऱ्यांतून. "बाई..."

माझी जुनी विद्यार्थिनी. आमच्याकडे शाळेतल्या शिक्षिकेला बाईच म्हणतात, आणि मुली पन्नाशीला आल्या तरी बाईच म्हणतात. ती रडत होती. पुढची वीस-पंचवीस सेकंदं ती जे बोलली, ते तिने माझ्याशिवाय कोणाला सांगितलं असेल असं मला वाटत नाही. ते दोन अनोळखी मोठ्या माणसांनी आणि दोन लहान मुलांनी ऐकलं. मी "अगं थांब, थांब" म्हणत होते, फोनवर मिळेल तिथे बोट दाबत होते, आवाज कानाशी येण्याऐवजी आणखी मोठा झाला. शेवटी त्या गृहस्थांनीच पडद्यावरची लाल खूण दाबली. भला माणूस. डेक्कन येईपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही. मुलंसुद्धा गप्प होती, आणि ते मला जास्त लागलं.

ती काय म्हणाली ते मी इथे लिहिणार नाही. घरातही सांगितलेलं नाही.

रात्री तिला फोन केला. खरं सांगावं की नाही यावर तासभर घालवला. सगळा जन्म मुलांना 'खरं बोला' सांगण्यात गेला, म्हणून सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "असू द्या, बाई." दर पंधरा दिवसांनी न चुकता फोन करणारी मुलगी. त्यानंतर तिचा फोन नाही.

दुसऱ्या दिवशी भाच्याला बोलावून झापलं. तो म्हणतो, "आत्या, एवढं काय त्यात? माणसं चांगली आहेत. योगायोग झाला." आणि इथेच माझं भांडण सुरू होतं. हा योगायोग मुळीच नव्हता. ते यंत्र जसं चालायला हवं तसंच अगदी चोख चाललं. चूक कुठल्या यंत्राची नाही, ती आमची. गाडीला माझा फोन लक्षात होता, माझ्या फोनला ती गाडी लक्षात होती, आणि गाडीची मालकी बदलली आहे हे दोघांनाही कोणी सांगितलं नव्हतं.

मी बीए, तेही मराठी माध्यमातून. तेव्हा तंत्रज्ञानाचं मी काय सांगणार असं कोणाला वाटेल. पण शिक्षकाला एक खोड असते, कळलं नाही की पिच्छा पुरवायचा. आठ दिवस नातवाच्या मागे लागून मी हे समजून घेतलं आहे, ते असं.

दोन यंत्रांची ब्लूटूथने पहिल्यांदा ओळख करून देतो तेव्हा दोघांत मिळून एक गुप्त किल्ली तयार होते. तिची एक प्रत फोनमध्ये राहते आणि एक त्या दुसऱ्या यंत्रात. नंतर ती दोन यंत्रं जवळ आली, म्हणजे साधारण दहा मीटरच्या आत, की किल्ली जुळते आणि काही न विचारता जोडणी होते. त्या किल्लीला मुदत नसते. दोन वर्षांनी आलात तरी दार उघडतं. आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यात गावाला जाताना घराची किल्ली शेजारी ठेवायची पद्धत होती. पण शेजारचं बिऱ्हाड बदललं की आई पहिली किल्ली परत आणायची. 'नवीन बिऱ्हाडातली माणसंही चांगलीच आहेत' म्हणून ती किल्ली तिथे ठेवून द्यायची नाही. चांगल्या माणसांवर संशय घ्यायचा प्रश्नच नसतो. त्यांना किल्ली आपण दिलेली नाही, एवढाच मुद्दा आहे.

बरं, गाडीचं प्रकरण किल्लीपाशी थांबत नाही. इअरफोनला फक्त आवाज जातो. गाडीशी फोन जोडताना एक चौकट येते, तिच्यात बारीक अक्षरांत विचारलेलं असतं की तुमचे संपर्क आणि कॉलची यादी या गाडीला वाचू द्यायची का. आपण काय करतो? घाटात आहोत, मागच्या सीटवरून कोणीतरी "लाव ना लवकर भीमसेन" म्हणतंय, आपण 'हो' म्हणतो. त्या क्षणी सगळं फोनबुक गाडीत उतरतं. माझ्या फोनमध्ये चारशेच्या वर नावं आहेत. त्यात निम्मे विद्यार्थी, त्यांच्या आया, दोन डॉक्टर, एक वकील, आणि काही नंबर असे की ते माझ्याकडे आहेत हेही कोणाला कळू नये. या माणसांनी मला नंबर दिला होता. गाडीला दिला नव्हता.

म्हणून मला त्या लोकांचा राग येतो जे म्हणतात, "तुमच्याकडे लपवण्यासारखं काय आहे हो या वयात?" (माझ्या धाकट्या जावेने हे अगदी या शब्दांत विचारलं. वाचते आहेस ना?) माझ्याकडे काही नाही. पण माझ्याकडे लोकांनी ठेवायला दिलेलं पुष्कळ आहे. छत्तीस वर्षं वर्गशिक्षिका असलेल्या बाईकडे काय काय ठेवलेलं असतं याची कल्पना वर्गात कधी खडू न धरलेल्याला येणार नाही. आणि वयाचं म्हणाल तर, निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी आधारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली ती 2012 मध्ये, वयाच्या 86 व्या वर्षी. त्यांच्याच नावाच्या खटल्यात 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. म्हातारपणी माणसाला खाजगी काही उरत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

कायदा आहे ना मग, असंही कोणी म्हणेल. आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये संसदेने केला. पण त्यातच लिहिलेलं आहे की एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी हाताळलेल्या माहितीला तो लागू नाही. म्हणजे भाच्याची गाडी, गाडी घेणारे गृहस्थ आणि मी, या घरगुती मामल्यात तो कायदा आमच्या मदतीला येणार नाही. यादी आपली आपणच पुसायची.

आता भाच्याचा समाचार घेते. त्याने गाडी विकली तेव्हा एकही कागद बाकी ठेवला नव्हता. आरटीओचा फॉर्म 29, फॉर्म 30, विमा, पीयूसी, फास्टॅग बंद करणं, डिकीतली छत्री, डॅशबोर्डवरचा गणपती, सगळं आठवणीने. गणपती तर नवीन गाडीत लागलासुद्धा! फक्त त्या पडद्याच्या आत काय साठलं आहे हे बघायचं त्याला सुचलं नाही, आणि हा माणूस हिंजवडीत संगणकावर बसून पगार घेतो. माझ्यासारखीला कळलं नाही तर क्षम्य. पण ज्यांना कळतं तेच म्हणतात "काय फरक पडतो?" अमेरिकेतल्या पुतणीने सांगितलं की तिकडे फेडरल ट्रेड कमिशनने 2016 मध्येच भाड्याच्या गाड्यांबद्दल लोकांना सावध केलं होतं, की गाडी परत करण्याआधी तिच्या यादीतून आपला फोन काढा आणि आत राहिलेली माहिती पुसा. आपल्याकडे लग्नसराईत भाड्याच्या गाड्या किती आणि चालकाच्या पडद्याला कोणाकोणाचे फोन जोडले जातात, याचा विचार करून बघा.

मग मी माझ्या फोनची यादी उघडली. मंडळी, अकरा नावं! नातवाचे इअरफोन (हरवले). नातवाचे दुसरे इअरफोन (धुण्यात गेले). भाच्याची गाडी. सोसायटीच्या हॉलमधला स्पीकर, ज्यावर कोजागिरीला माझ्या फोनवरून गाणी लावली होती. रक्तदाब मोजायचं यंत्र. शेजारच्यांचा टीव्ही, का ते आठवत नाही. लेकीच्या जुन्या गाडीचं एक नाव. 'एचसी-05' नावाचं काहीतरी, ते बघून मी घाबरलेच. नातू हसला, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात त्याने चाकांचं खेळणं केलं होतं, त्यात ब्लूटूथचं जे छोटं सर्किट बसवतात त्याचं हे नाव. आणखी दोन कोणाची ते अजून कळलेलं नाही. गंमत म्हणजे तो सोसायटीचा स्पीकर. खाली कोणी तो सुरू केला आणि मी हॉलवरून जात असले तर माझा फोन त्याला चिकटू शकतो. त्या वेळी कोणाचा फोन आला तर? हळदीकुंकवाला जमलेल्या चाळीस बायकांसमोर?

काढायचं कसं ते सांगते, कारण नुसतं ओरडून उपयोग नाही. सेटिंग्जमध्ये जायचं. काही फोनांत 'कनेक्टेड डिव्हाइसेस' असतं, सॅमसंगमध्ये आधी 'कनेक्शन्स' आणि त्यात ब्लूटूथ. तिथे आधी जोडलेल्या सगळ्या यंत्रांची यादी मिळते. एकेका नावापुढे दातेरी चाकाची खूण असते (काही फोनांत बाण), ती दाबायची. आत 'फर्गेट' किंवा 'अनपेअर' लिहिलेलं असतं. दाबायचं, पुन्हा विचारेल, पुन्हा 'हो' म्हणायचं. झालं. त्याच पानावर आणखी एक उपयोगाची गोष्ट असते जी मला आजवर कोणी दाखवली नव्हती. फोन कॉल, गाणी, संपर्कांची यादी अशी वेगवेगळी बटणं असतात. म्हणजे गाडीला नुसती गाणी वाजवू द्यायची आणि कॉल व संपर्क बंद ठेवायचे, असं करता येतं. हे मला आधी माहीत असतं तर...

पण फोनमधून काढलं म्हणजे काम संपलं, असं समजू नका. इथे बहुतेक जण फसतात. फोनमधली किल्ली फेकली की जोडणी आपोआप व्हायची थांबते, हे खरं. गाडीत उतरलेली नावं मात्र काही गाड्यांत आतच राहतात. ती काढायला गाडीच्या पडद्यावर जाऊन तिच्या यादीतूनही आपला फोन पुसावा लागतो, आणि विकायची असेल तर तो पडदा कारखान्यातून आला तसा कोरा करायचा. दोन्ही टोकं मोकळी करायची. शिवाय गाड्या, इअरफोन, श्रवणयंत्रं यांत ठरावीकच फोनांची जागा असते. ती भरली की नवा फोन जोडायला कुरकुर होते आणि आपण म्हणतो यंत्र बिघडलं.

अतिरेक करणाऱ्यांशीही माझं पटत नाही, हे इथेच नोंदवते. व्हॉट्सॲपवर फिरतं ना, 'ब्लूटूथ चालू ठेवलं की बँकेचं खातं रिकामं', तसलं काही मी म्हणत नाहीये. यादीत हरवलेल्या इअरफोनचं नाव पडून राहिल्याने कोणी पैसे नेत नाही. ब्लूटूथमध्ये खरीखुरी भोकं सापडली आहेत. 2017 मध्ये 'ब्लूबोर्न' नावाच्या दोषांचा मोठा गवगवा झाला होता, आणि त्यात तर जोडणी केलेली नसली तरी धोका होता. त्याचा इलाज फोन अपडेट करणं हा होता, यादी पुसणं नव्हे. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलं परीक्षेत एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याखाली लिहायची तसं करू नका.

एक नाव मी काढलेलं नाही. ह्यांचं श्रवणयंत्र. नातवाशी व्हिडिओवर बोलताना ह्यांना नीट ऐकू यावं म्हणून माझ्या फोनला जोडलं होतं. ते आता कपाटाच्या खणात आहे, डबीत. नातवाने विचारलं, "हे पण?" मी नाही म्हटलं. हा भावनेचा कमकुवतपणा आहे असं कोणी म्हणेल, म्हणू दे. ते यंत्र माझ्या घरात आहे, माझ्या कुलपात आहे, कोणाच्या हाती लागणार नाही. दुसरं टोक कोणाच्या हातात आहे, एवढं एकच मी बघायला सांगते आहे.

आणि माझ्या वयाच्या मैत्रिणींना, ज्या 'मला नाही बाई त्यातलं कळत, तूच कर' म्हणून फोन समोरच्याच्या हातात देतात, त्यांना तर मला हात जोडून सांगायचं आहे. आपण पोथीसारखी बँकेची पासबुकं जपली. मुलांच्या पत्रिका जपल्या. आणि फोन मात्र कोणी 'काकू, गाणी लावतो' म्हटलं की खुशाल देतो. शेजारच्या इमारतीतल्या बाईंना मी परवा त्यांची यादी त्यांच्याच बोटाने पुसायला लावली. चष्मा, पुन्हा चष्मा, चुकीचं बटण, पुन्हा पहिल्यापासून. पाऊण तास लागला. नातू दोन मिनिटांत करत होता, मी त्याला हात लावू दिला नाही. दोन मिनिटांत तो करेल, पण पुढच्या लग्नात पुन्हा कोणीतरी नवीन जोडणी करेल तेव्हा हा असणार आहे का?

जाता जाता एक इतिहासातली गंमत, सवय जात नाही. ब्लूटूथ हे नाव दहाव्या शतकातल्या हेराल्ड नावाच्या डॅनिश राजाच्या टोपणनावावरून आलं, आणि ती खूण म्हणजे त्याच्या नावाची दोन जुनी अक्षरं एकात एक गुंफलेली. त्याने डेन्मार्कमधले लोक एकत्र जोडले, म्हणून यंत्रं जोडणाऱ्या तंत्राला त्याचं नाव. 1998 मध्ये कंपन्यांनी ते जाहीर केलं. पुढचं कोणी सांगत नाही. त्या राजाला शेवटी त्याच्या मुलानेच बंड करून हाकलून दिलं! वर्गात हे सांगितलं असतं तर मागच्या बाकावरून हमखास टाळ्या पडल्या असत्या.

असो. भाच्याने रविवारी त्या गृहस्थांना विचारून गाडीतली यादी उघडली. गाडी घेतल्यापासून ते पेनड्राइव्हवरच गाणी ऐकतात, त्यांनी स्वतःचा फोन जोडलेलाच नव्हता. तरी यादीत पाच फोन होते. माझा, भाच्याचा, सुनेचा, गुहागरला नेणाऱ्या चालकाचा, आणि एक कोणाचा ते कोणालाच सांगता येईना. भाच्याने सगळं कोरं करून टाकलं. त्यात त्यांची रेडिओची स्टेशनंही पुसली गेली. काल त्यांचा फोन आला होता, सकाळी ते आकाशवाणी लावतात, ती सापडत नाही म्हणून. भाचा पुन्हा जाणार आहे. मी त्याला म्हटलं, जा, आणि बरोबर काहीतरी गोड घेऊन जा, त्या मुलांसाठी.

तिला मी आता घरच्या लँडलाइनवरून फोन लावते. मंगळवारी लावला, काल लावला. उचलला नाही. उद्या पुन्हा लावणार आहे.